पोर्ट्समाउथ यार्डस्टिक मामा तलावावर वापरून पाहिलं, माझा अनुभव

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे सांगतो.

मी भंडारा जिल्ह्यात साकोलीकडच्या एका जि.प. शाळेत गणित शिकवतो. गावाला मामा तलाव आहे, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आणि संक्रांत झाली का पोट्टे पाळीवर शिडाच्या बोटी घेऊन येतात, कोणाची सागाच्या फळीची, कोणाची बांबूची, कोणाची थर्माकोलची, शीड म्हणजे खताच्या पोत्याचा तुकडा. इकडून सोडायची आणि वाऱ्यानं पलीकडच्या काठाला लागली का मोबाईलवरचं घड्याळ बंद. भांडण दरवर्षी एकच, मोठी बोट असलेलाच जिंकतो, आणि मग लहान बोटवाले यायचेच बंद होतात. शंकरपटात जोडी सेकंदावर ठरते, घड्याळ सगळ्यांना एकच, पण तिथं समोर बैलजोडीच असते, इथं मात्र नऊ इंची बोट सोळा इंचीसंगं लावली जाते.

यावर उपाय शोधता शोधता ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनची पोर्ट्समाउथ यार्डस्टिक नावाची ही यादी सापडली. फुकट आहे. शिडाच्या छोट्या बोटींच्या प्रत्येक प्रकाराला एक आकडा दिलेला असतो, आकडा जेवढा मोठा तेवढी बोट हळू. लागलेला वेळ गुणिले हजार, भागिले तो आकडा, जो सुधारित वेळ येईल तो ज्याचा कमी तो पहिला, बस. फोर्टीनाइनर नावाची तुफान बोट ७०० च्या आसपास, जिला लोक अजून लेझरच म्हणतात ती आयएलसीए ७ साधारण ११००, आणि लहान पोरांची ऑप्टिमिस्ट १६०० च्या वर. क्लबवाले आपल्या शर्यतींचे निकाल पाठवतात, त्यावरून आकडे तपासले जातात, आणि एखाद्या क्लबला आपल्या पाण्यावर आकडा चुकतो असं दिसलं तर तो तिथल्यापुरता बदलायची मुभा आहे. मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच.

आमच्या पोत्याच्या शिडाच्या बोटी त्या यादीत असणार नाहीत, तर आकडे आम्हीच काढले. बोट पाणी कापते तेव्हा एक लाट नाकाशी उठते, एक मागं, आणि बोट त्या दोघींच्या मधात बसल्यासारखी चालते. बोट लांब तर लाट लांब, आणि लांब लाट जास्त वेगानं धावते, म्हणून वेग लांबीच्या वर्गमुळाप्रमाणं वाढतो. नऊचं वर्गमूळ तीन, सोळाचं चार. सोळा इंचीला १००० धरला तर नऊ इंचीला १३३३. आठवीच्या पोरांनी हे फळ्यावर स्वतः काढलं. पहिल्याच फेरीत सोळा इंची ३०० सेकंदात लागली, नऊ इंची ३८५ मध्ये, आणि भागाकार केला तर ३८५ चे झाले २८९. लहान बोट अकरा सेकंदांनी जिंकली. वर्षभर वर्गमूळ म्हटलं का खाली मान घालणारं पोरगं त्या दिवशी तीन वेळा तोच भागाकार करून पाहत होतं.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, माझी इथंच चूक झाली होती. सुरुवातीला मी आकडा पोरांना दिला, जो नेहमी मागं राहतो त्याला जास्त. एक पोरगी सरळ येऊन म्हणाली, "सर, मले काऊन जास्त? माही अन् त्याची बोट तं सारखीच हाय." दोन्ही बोटी मोजल्या, सोळा इंचच. तिचं खरं होतं. गोल्फमध्ये हॅंडिकॅप, म्हणजे सुटीचा आकडा, खेळाडूचा असतो, इथं तो बोटीचा आहे, चांगली चालवली तर ही बोट किती धावेल एवढंच तो सांगतो. बुडाला मेण कोणी चोळलं, शीड कोणत्या कोनात बांधलं, ही पोराची कमाई, ती कापायची नाही. त्या पोरीनं पुढच्या रविवारी शीड थोडं मागं सरकवून बांधलं आणि कसलीही सूट न घेता दुसरी आली.

आता कापलेला स्टार. आकडा एकच, वारा कसाही असो. मंद वाऱ्यात जी बोट चांगली ती जोराच्या वाऱ्यात तशी राहत नाही, आणि आमच्याकडं तर दुपारी वारा मधातच बसतो, मोठी बोट तोवर काठाला लागलेली असते आणि लहान बोट शिंगाड्याच्या वेलात उभी. त्यावर कोणतंच गणित चालत नाही, आम्ही ती फेरी रद्द करतो. अमेरिकेत पीएचआरएफ नावाची अशीच सुटीची पद्धत चालते, त्यात मैलामागं ठरावीक सेकंदांची सूट असते, शर्यत दहा मिनिटांत संपो का तासाभरात, अंतर तेच तर सूट तीच. रखडणाऱ्या वाऱ्यासाठी ते मला पटलं नाही. मोठ्या यॉटसाठी आयआरसी नावाची पद्धत आहे, तिचं सूत्र मुद्दाम गुप्त ठेवतात, नाहीतर डिझाइनवाले सूत्रातल्या फटी पाहून बोटी बांधतील, आणि ओआरसी नावाच्या दुसऱ्या पद्धतीचं गणित उघडं आहे, बोट मोजून वेगवेगळ्या वाऱ्यात ती किती धावेल हे कॉम्प्युटर काढतो. गुप्त ठेवायचं कारण मला समजतं, पण शाळेत ते चालणार नाही. पोराला स्वतः भागाकार करून पाहता आला पाहिजे, तरच ते हार मानतं.

राहिले थर्माकोलवाले. त्यांच्या बोटी इतक्या हलक्या का त्या पाणी कापतच नाहीत, वरच्यावर सरकतात, म्हणून वर्गमुळाचा आकडा त्यांना लागू पडत नाही. येत्या रविवारी त्यांच्या नुसत्या पाच फेऱ्या घेऊन वेळ लिहून ठेवणार आहो, आकडा त्यावरूनच ठरवू.