बेळगावची गॅरेजं: हात चांगला, विचारायची सवय कमी

गाडीच्या कामासाठी बेळगाव चांगलं गाव आहे. उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, लेथ, बोअरिंग, हेड सरफेसिंग सगळं एका हाकेवर मिळतं. पार्ट मिळायला वेळ लागत नाही, आणि जुन्या मिस्त्र्यांचा कान इतका तयार असतो की आवाजावरनं ते बेअरिंग कुठल्या बाजूचं गेलंय ते सांगतात. त्यामुळे कामाच्या दर्जाबद्दल इथं फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती न विचारता केलेल्या कामाची. सर्व्हिसिंगला सोडलेली गाडी संध्याकाळी आणायला जावं, तर सहा-साडेसहा हजारांच्या अंदाजाचं बिल चौदा हजारांवर गेलेलं असतं, आणि काउंटरवरचा माणूस म्हणतो, ‘तुम्हीच म्हणालात की सगळं बघून घ्या!’

खरी मेख या ‘सगळं बघून घ्या की’मध्ये आहे. आपल्याकडे गाडी सोडताना तोंडातून हमखास हेच वाक्य जातं. आपल्या मनात ‘तपासा’ असतं, काउंटरवर त्याचा अर्थ ‘करून टाका’ असा लावला जातो. शिवाय मिस्त्रीशी बोलणं मराठीत किंवा मराठी-कन्नड मिसळून झालेलं असतं, पण जॉबकार्ड, म्हणजे गाडी सोडताना भरून सही करायचा कामाचा कागद, इंग्रजीत असतं. खाली बारीक अक्षरात बऱ्याच वेळा छापलेलं असतं की गॅरेजला आवश्यक वाटेल ती दुरुस्ती करायला ग्राहकाची संमती आहे. त्याखाली सही केली की पुढचा निम्मा वाद तिथंच हरल्यात जमा. ती ओळ पेनानं खोडा, शेजारी छोटी सही करा आणि मोकळ्या जागेत हे लिहा: ‘वर लिहिलेल्या कामाखेरीज कोणतंही काम किंवा पार्ट माझ्या लेखी होकाराशिवाय करू नये. बिल इतक्या रकमेच्या वर जात असेल तर आधी कळवावं. काढलेले जुने पार्ट परत द्यावेत.’ जॉबकार्डचा, किलोमीटरच्या आकड्याचा आणि पेट्रोलच्या काट्याचा फोटो तिथल्या तिथं काढून त्याच गॅरेजच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. या सगळ्याला तीन-चार मिनिटं लागतात. ही ओळ लिहू द्यायला जे गॅरेज कुरकुर करतं, तिथं गाडी न सोडणंच बरं.

आता बिलाकडे वळू. समजायला सोपं जावं म्हणून नमुन्याचा हिशेब धरू: पाच वर्षं जुनी, 48,000 किलोमीटर झालेली 1.2 लिटरची पेट्रोल हॅचबॅक. सांगितलेलं काम नेहमीची सर्व्हिसिंग आणि पुढच्या ब्रेकचा चिरका आवाज बघणं. तोंडी अंदाज 6,500, बिल 14,200. वरचे 7,700 असे आलेले असतात: डिस्क स्किमिंग 1,200, इंजिन फ्लश 650, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग 900, इंजेक्टर क्लीनिंग 1,450, एसी डिसइन्फेक्टंट 700, अंडरबॉडी कोटिंग 2,400 आणि कन्झ्युमेबल्स 400. या सात ओळी सारख्या वजनाच्या नाहीत. सरसकट ‘हे सगळं काढा’ म्हणणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, म्हणून एकेक ओळ घेऊ.

डिस्क स्किमिंग म्हणजे ब्रेकची डिस्क लेथवर घासून सपाट करणं. ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग किंवा पेडल थरथरत असेल, नाहीतर डिस्कवर नखाला लागतील इतक्या खोल रेषा असतील, तरच ते करावं. नुसता चिरका आवाज हे त्याचं कारण होत नाही. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो, तो चार-पाच वेळा ब्रेक मारला की निघून जातो. चोर्ला घाट सबंध ब्रेकवर पाय ठेवून उतरला तर पॅड तापून गुळगुळीत होतात आणि किंचाळतात. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना कोरड्या पडल्या तरी आवाज येतो. हे आवाज पॅड घासून, पिना साफ करून ग्रीस लावण्यानं मिटतात. नव्या पॅडचा थर साधारण 10 मिलीमीटर असतो, 2 ते 3 वर आला की बदलायचा. बहुतेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. स्किमिंग केलं म्हणणाऱ्याकडे मायक्रोमीटरचं (जाडी मोजायच्या साधनाचं) आधीचं आणि नंतरचं माप हवंच, कारण किमान जाडीच्या खाली गेलेली डिस्क तापली की वाकते आणि तडकूही शकते. काम बाहेरच्या लेथवर झालं असेल तर त्या लेथवाल्याची पावती मागा. माप नाही आणि पावतीही नाही, म्हणजे त्या ओळीला आधार नाही.

इंजिन फ्लश, म्हणजे रसायनानं इंजिन आतून धुणं, बहुतेक गाड्यांच्या मॅन्युअलमधल्या सर्व्हिस तक्त्यात नसतोच. ऑइल वेळेवर बदललेल्या इंजिनात धुऊन काढावा असा गाळ साचत नाही. ही ओळ सरळ नाकारा.

थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग. तो साफ करायला लक्षणं लागतात: सिग्नलला उभी असताना आरपीएम वरखाली होणं, गाडी बंद पडणं. ती असतील तर साफसफाई योग्य. पण इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल साफ केल्यावर बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावून आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) पुन्हा शिकवावं लागतं. ते केलं नाही तर आधी नीट असलेली गाडी नंतर आचके द्यायला लागते. म्हणजे न मागितलेल्या कामातनं नवा बिघाड, आणि त्याचं पुन्हा बिल. गाडी ताब्यात घेताना एसी चालू-बंद करून आयडल स्थिर राहतं का ते पाच मिनिटं बघा.

इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग. इंजेक्टर क्लीनिंग या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एकात इंजेक्टर काढून मशिनवर लावतात आणि प्रत्येकाचा फवारा मोजतात. दुसऱ्यात टाकीत बाटलीभर रसायन ओततात, ज्याला कुठलीही मजुरी लागत नाही. ‘इंजेक्टर काढले होते का?’ एवढाच प्रश्न विचारा. काढले असतील तर सील नवे बसवलेले असतात आणि बिलात ते दिसतात.

अंडरबॉडी कोटिंगवर थोडं थांबायला हवं, कारण आपल्या भागात ते गळ्यात मारणं सोपं असतं. खानापूर, चंदगड, आंबोलीचा पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे आणि गंजाची भीती खोटी नाही. पण अलीकडच्या गाड्यांना कारखान्यातूनच खाली संरक्षक थर येतो. वरून द्यायचाच असेल तर आधी प्रेशरनं धुवायचं, सांध्यांतला लाल चिखल काढायचा, पूर्ण वाळवायचं, सायलेन्सर आणि ब्रेकचे भाग झाकायचे आणि मगच फवारायचं. जुलैत हे सगळं एका दुपारी उरकणं कठीण. ओल्या पत्र्यावर कोटिंग बसलं तर पाणी आत कोंडतं आणि गंज आतून वाढतो, वरून मात्र पत्रा काळाकुळकुळीत दिसतो. गाडी रॅम्पवर चढवायला सांगा आणि चाकाच्या कमानीत, दाराखालच्या पत्र्याच्या कडेला बोट फिरवा. काळ्या थराखाली माती खरखरीत लागली, तर ते काम पैसे देण्यासारखं नाहीच, उलट खरवडून काढून द्यायला लावण्यासारखं आहे.

एसीचा फवारा केबिन फिल्टर बदलल्यावर सहसा लागत नाही. कन्झ्युमेबल्समध्ये काय काय होतं ते विचारा. ग्रीस, क्लीनर, कापड यांचे शे-दीडशे समजू शकतो.

ऑइलही मोजून घ्या. मॅन्युअलमध्ये फिल्टरसकट साडेतीन लिटर लिहिलं असेल आणि बिलात चार लिटर असेल, तर उरलेलं अर्धा लिटर डब्यासकट तुमचं आहे. मोठ्या कामात मजुरीची दुबार आकारणी होते. क्लच बदलताना गिअरबॉक्स उतरतोच; त्याच वेळी मागचं क्रँक ऑइल सील बदललं तर गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दुसऱ्यांदा लागत नाही. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंपचं, व्हील बेअरिंग आणि ब्रेक पॅडचंही असंच. उलट काही जोडकामं खरोखर गरजेची असतात: लोअर आर्म बदलला की अलाइनमेंट करावीच लागते, क्लच सेटबरोबर रिलीज बेअरिंग बदललेलंच शहाणपणाचं. तरीही आधी फोन हवाच.

पार्टच्या खोक्यावरची एमआरपी सगळ्या करांसहित असते. 1,180 एमआरपीचा पार्ट बिलात 1,000 अधिक 18 टक्के असा यायला हवा. काही बिलांत 1,180 धरून त्यावर पुन्हा 18 टक्के लावून 1,392 रुपये 40 पैसे केलेले असतात. ती तक्रार वैधमापन (वजनमाप) खात्याकडे नेता येते. 22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवरचा जीएसटी 18 टक्के आहे, त्यामुळे 28 टक्क्यांची ओळ आता चालणार नाही. कर्नाटकातल्या गॅरेजचा जीएसटी नंबर 29 नं सुरू होतो. तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नाव दिसतं. नंबरच नाही किंवा गॅरेज कॉम्पोझिशन योजनेत (लहान व्यावसायिकांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत) आहे, तर त्याला बिलावर वेगळा कर लावताच येत नाही.

आता कोणाकडे जावं. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये कागद पक्का असतो, मजुरीचे दर ठरलेले असतात, जादा कामाला मेसेजवर होकार घ्यायची पद्धत असते. पण अ‍ॅडव्हायझरवर टार्गेट असतं, म्हणून फ्लश, कोटिंग, डिसइन्फेक्टंट या ओळी तिथंच जास्त घुसतात. मल्टिब्रँड गॅरेजात पार्टला दोन-तीन पर्याय मिळतात आणि मालकाशी थेट बोलता येतं. जॉबकार्ड मात्र ढिसाळ. रस्त्याकडेचा मिस्त्री असली जादा कामं सहसा करत नाही, पण बिलही देत नाही, आणि बिल नसेल तर पुढं काहीच सिद्ध होत नाही. ब्रेक, सस्पेन्शन, क्लचसाठी ओळखीचं मल्टिब्रँड आणि वॉरंटी असेपर्यंत कंपनी, हा आमचा कौल. कुठंही गेलात तरी वरची ओळ लिहूनच.

इतकं करूनही बिल फुगून आलं तर आवाज चढवू नका आणि कागद मागा. जॉबकार्डची प्रत, जुने पार्ट, जादा कामाचा तुमचा होकार कुठं आहे ते. बॅटरी बदलीत दिलेली असते आणि वॉरंटीतले पार्ट कंपनीकडे परत जातात, पण बाकीचं सगळं दाखवता यायला हवं. ‘काम समाधानकारक’ या रकान्यात सही करू नका.

बिल भरेपर्यंत गाडी देणार नाही म्हणाले, तर कायदा थोडा समजून घ्या. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 170 प्रमाणे, ज्या कामासाठी वस्तू दिली त्या कामाच्या मजुरीपोटी कारागीर ती अडवून ठेवू शकतो. न सांगितलेल्या कामाला ते कलम लागू होत नाही, असं ठामपणे म्हणता येतं. पण कलम 70 त्याच्या बाजूनं वापरलं जाऊ शकतं: फुकट करायचा हेतू नसताना केलेल्या कामाचा फायदा तुम्ही घेतला, तर भरपाई मागता येते. म्हणून पार घासलेले पॅड बदलले असतील तर ते पैसे द्या. फ्लश आणि कोटिंगवर अडून बसा. बहुतेक मालक इथंच निम्म्यावर येतात. दुसऱ्या किल्लीनं गाडी गुपचूप काढून आणू नका, त्यानं चांगली बाजू वाईट होते. गाडी तातडीनं हवी असेल तर पूर्ण रक्कम यूपीआयनं किंवा कार्डानं भरा, रोख नको. बिलाच्या दोन्ही प्रतींवर ‘जादा कामाला संमती नव्हती, हक्क राखून रक्कम दिली’ असं लिहून सही करा आणि फोटो लगेच त्यांना पाठवा.

मग त्याच दिवशी मालकाला लेखी तक्रार, अधिकृत वर्कशॉप असेल तर कंपनीच्या ग्राहक विभागालाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. त्यानं भागलं नाही तर पंधरा दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टनं नोटीस, आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येतं. बेळगावच्या आयोगात कागद कन्नड किंवा इंग्रजीत लागतील, म्हणून मराठी मेसेजचं भाषांतर जोडा. सीमेपलीकडच्यांना एक सोय आहे. या कायद्यात तक्रारदार राहतो तिथल्या आयोगातही दावा टाकता येतो. चंदगड किंवा गडहिंग्लजच्या माणसानं बेळगावात केलेल्या दुरुस्तीची तक्रार कोल्हापूरच्या आयोगात, मराठीतून करावी. स्वतः टॅक्सी चालवून पोट भरणाराही ग्राहक धरला जातो, त्यानंही मागं राहू नये.

विम्याच्या कॅशलेस कामात, म्हणजे विमा कंपनी गॅरेजला थेट पैसे देते तेव्हा, जादा पार्टला विमा कंपनीच्या सर्व्हेअरची मंजुरी लागते. ती नसलेल्या ओळी तुमच्या माथी येतात. 1500 सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला 1,000 रुपयांची सक्तीची वजावट, त्यावरच्या गाडीला 2,000. झीरो डेप (भागांची झीज न कापणारं विम्याचं जादा कलम) नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मे पैसे तुमचे, धातूच्या भागांचे गाडीच्या वयाप्रमाणे, काचेचे नाहीत. याहून जास्त मागितलं तर सर्व्हेअरचा रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय सही करू नका.