एकच मोसम बघायचाय: युरोलीग की एनबीए?

गणपती उठले आणि दोनच दिवसांत कॉलेजात बास्केटबॉल खेळणाऱ्या भाच्याचा फोन आला. "मामा, पप्पा एकाच सबस्क्रिप्शनचे पैसे देतायत. एनबीए घेऊ की युरोलीग?" मी विचारलं, "खेळतोस ना अजून? मग युरोलीग." (एनबीए म्हणजे अमेरिकेची बास्केटबॉल लीग, युरोलीग युरोपातल्या क्लबांची.) पलीकडे शांतता. त्याला 'एनबीए' ऐकायचं होतं हे मला कळत होतं. त्याची अख्खी कॉलेज टीम सकाळी उठल्या उठल्या एनबीएतल्या स्टेफ करीचे थ्री (लांबच्या रेषेबाहेरून मारलेले तीन गुणांचे शॉट) एकमेकांना पाठवत असते. एका शब्दातलं उत्तर त्याला पटलं नाही, म्हणून इथे जरा ऐसपैस लिहितोय.

तुलनेला दोन्हीकडचा २०२४-२५ चा मोसम घेतलाय. तो पुरता खेळून झालाय आणि दोन्ही स्पर्धांचा स्वभाव त्यात स्वच्छ दिसतो.

आधी पसारा. एनबीएत ३० संघ, प्रत्येकाचे ८२ सामने, म्हणजे प्लेऑफ (बाद फेऱ्या) सुरू व्हायच्या आधीच १२३० सामने. युरोलीगमध्ये त्या मोसमात १८ संघ होते. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा बाहेर खेळायचं, म्हणजे ३४ फेऱ्या आणि एकूण ३०६ सामने. संघ मात्र स्पेन, ग्रीस, तुर्की, इटली, जर्मनी, फ्रान्स, सर्बिया, लिथुआनिया, इस्रायल आणि चिमुकल्या मोनॅकोचे. (एनबीएही म्हणायला दोन देशांची आहे, टोरांटोमुळे.) २०२५-२६ पासून युरोलीग २० संघांची आणि ३८ फेऱ्यांची झाली, त्यात दुबईचाही संघ आला. दुबईचा मुद्दा पुढे येईलच, कारण आपल्या झोपेशी त्याचा थेट संबंध आहे.

आकड्यांचा परिणाम मैदानावर दिसतो. ८२ सामन्यांत नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी हरलं तर कुणाचं फारसं काही बिघडत नाही. मोठे खेळाडू अधूनमधून विश्रांती घेतात, आणि नेमका तोच सामना बघायला तुम्ही पहाटे उठलेले असता. युरोलीगमध्ये प्रत्येक पराभव खुपतो. त्या मोसमात ग्रीसचा ऑलिंपियाकोस साखळीत पहिला आला तो २४ विजय आणि १० पराभवांवर. सातव्या क्रमांकाच्या रेआल माद्रिदचे विजय २०. पहिल्यात आणि सातव्यात अंतर अवघ्या चार सामन्यांचं! तिकडे ओक्लाहोमा सिटी थंडरने ६८ जिंकले आणि १४ हरले. बाकीच्यांनी त्यांची पाठच बघितली.

शेवट मात्र अगदी उलटा. एनबीएत विजेता ठरायला सातपैकी चार सामने जिंकावे लागतात, तेही चार फेऱ्यांत. थंडर आणि इंडियाना पेसर्स यांची अंतिम मालिका पूर्ण सातव्या सामन्यापर्यंत गेली. पहिल्या सामन्यात टायरिस हॅलिबर्टनने ०.३ सेकंद उरलेले असताना बास्केट केला आणि इंडियाना १११-११० ने जिंकली. अख्ख्या सामन्यात ते पुढे होते तेवढाच वेळ. सातव्या सामन्यात पहिल्याच क्वार्टरमध्ये त्याच हॅलिबर्टनच्या टाचेची शीर तुटली. तो मैदानावर हात आपटत पडला होता ते बघवत नव्हतं. थंडरने १०३-९१ ने सामना आणि विजेतेपद घेतलं. सगळ्या मोसमात जो संघ सरस होता, तोच शेवटी जिंकला.

युरोलीगमध्ये उपांत्यपूर्व फेरी पाच सामन्यांची असते, आणि मग फायनल फोर. चार संघ एका शहरात, शुक्रवारी दोन उपांत्य सामने, रविवारी अंतिम. हरलात की संपलं. मे २०२५ मध्ये हे चौघे अबू धाबीत जमले. साखळीत पहिला आलेला ऑलिंपियाकोस मोनॅकोकडून ७८-६८ असा हरला, आणि ऑक्टोबरपासूनची सगळी मेहनत चाळीस मिनिटांत पाण्यात गेली. दुसरीकडे इस्तंबूलच्या फेनरबाचेने अथेन्सच्या पॅनाथिनायकोसला ८२-७६ ने घरी पाठवलं आणि रविवारी मोनॅकोला ८१-७० ने हरवून चषक नेला. त्या अंतिम सामन्याची खरी गंमत दोन बाकांवर बसली होती. फेनरबाचेचा प्रशिक्षक शारुनास यासिकेविचुस, मोनॅकोचा वासिलिस स्पानुलिस. २००९ मध्ये हे दोघं पॅनाथिनायकोसच्या एकाच संघातून हाच चषक जिंकले होते. दोघेही गार्ड (बॉल पुढे नेऊन खेळ रचणारे), दोघेही खेळत होते तेव्हाच अर्धे प्रशिक्षक. त्यामुळे टाइमआउटला कॅमेरा त्यांच्याकडे वळला की मी चहा ठेवायला उठत नव्हतो.

न्याय हवा असेल तर एनबीए, काळजाचा ठोका चुकायला हवा असेल तर युरोलीग. माझ्यासारख्या माणसाला ऑलिंपियाकोसची हळहळ वाटते, पण तो शुक्रवार मी विसरत नाही.

आता ज्या मुद्द्यावर मी भाच्याला एका दमात उत्तर दिलं, तो मुद्दा.

मध्यंतरी एका शालेय स्पर्धेत टेबलावर गुणलेखनाला बसलो होतो. एकाने फाउलबद्दल मिळालेला शेवटचा फ्री थ्रो मारला, बॉल रिंगवर टप्पा खाऊन तिथेच गरगरला, आणि बचाव करणाऱ्या उंच पोराने उडी मारून तो बाहेर उडवला. पालकांच्या रांगेतून एकच गलका: "गोलटेंडिंग! गोलटेंडिंग!" (म्हणजे रिंगमध्ये पडू पाहणारा बॉल बेकायदा अडवणं.) एक गृहस्थ तर थेट टेबलापाशी आले, मोबाइलवर एनबीएची क्लिप लावून. रेफ्रीने शिटी वाजवली नव्हती, आणि त्याचं बरोबर होतं. फिबाच्या, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेच्या नियमांत शेवटच्या फ्री थ्रोचा बॉल एकदा रिंगला लागला की तो कुणीही उडवू शकतो, फक्त खालून जाळीत हात घालायचा नाही. एनबीएत मात्र बॉल रिंगच्या वर आहे तोवर त्याला हात लावता येत नाही. त्या गृहस्थांचं पाठांतर चोख होतं, पण पुस्तक दुसरं होतं.

आपल्याकडे शाळा, कॉलेज, जिल्हा, राज्य, सगळीकडे फिबाचेच नियम चालतात. युरोलीगही त्याच घडणीची: दहा मिनिटांचे चार क्वार्टर, पाच फाउलला बाहेर, थ्रीची रेषा ६.७५ मीटरवर. एनबीएत बारा मिनिटांचे चार क्वार्टर, सहा फाउल, आणि रेषा वरच्या बाजूला ७.२४ मीटर. आमच्याकडची पोरं रेषेच्या दोन पावलं मागून थ्री मारतात, कारण करी तिथूनच मारतो. करीचं ठीक आहे हो.

पण सगळ्यात मोठा फरक डोळ्यांना पटकन दिसत नाही. एनबीएत बचाव करणारा उंच खेळाडू कुणालाही न धरता रिंगखालच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त उभा राहू शकत नाही. फिबात ते बंधन नाही. त्याला वाटलं तर तो तिथे घर बांधून राहील. परिणाम असा की एनबीएत चांगला गार्ड एकाला चकवून सरळ लेअपला जातो, आणि युरोलीगमध्ये तो आत शिरला की समोर भिंत असते. मग बॉल बाहेर, तिथून कोपऱ्यात, पुन्हा स्क्रीन (बचाव करणाऱ्याची वाट अडवून उभं राहणं), पुन्हा पास. चोवीस सेकंद संपत येतात तेव्हा कुठे मोकळा शॉट मिळतो. अंतिम सामन्यात फेनरबाचेचे ८१ झाले. ते ४८ मिनिटांच्या हिशेबाने वाढवले तरी ९७च भरतात. हा आकडा बघून "रटाळ आहे" म्हणणारे मला भेटलेत. त्यांना मी एकच सांगतो: पाच मिनिटं बॉलकडे बघू नका, बॉल ज्याच्याकडे नाही त्या चौघांकडे बघा. कॉलेजात खेळणाऱ्या मुलाला शिकायचं आहे ते तिथे आहे. एनबीए गाजवणाऱ्या जोकिचचा डोक्यामागून दिलेला पास बघून टाळ्या वाजवता येतात, तो उद्या सकाळच्या सरावात करून बघता येत नाही.

आणि तसं बघितलं तर जोकिचही त्याच शाळेतला. तो एनबीएत जाण्याआधी मेगा या सर्बियन संघाकडून एड्रियाटिक लीग खेळत होता. तीही अनेक देशांची लीग, जुन्या युगोस्लाव्हियातले संघ मिळून झालेली.

घड्याळाचं गणित घरातल्या बाकीच्यांना जास्त महत्त्वाचं वाटतं. थंडीत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला. ज्याला लवकर उठायची सवय आहे त्याची चैन आहे, आंघोळीआधी पहिला हाफ होतो. पण लॉस एंजेलिसचा सामना सकाळी साडेआठ-नऊला सुरू होतो. तेव्हा तुम्ही लोकलमध्ये तरी असता, नाहीतर वर्गात. युरोलीगचं उलटं. माद्रिद-बार्सिलोनाचे सामने रात्री एकच्या पुढे, ते नोकरदाराने विसरावेत. इस्तंबूलचे सव्वाअकराच्या सुमारास, लिथुआनियातल्या कौनासचे साडेअकराला. आणि दुबई आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे, म्हणजे तिथला आठचा सामना इथे जेवणं आटोपून साडेनऊला. आखातात राहणाऱ्या मराठी मंडळींना तर तिकीट काढून बघता येईल अशी ही लीग आहे. एनबीए मुंबईत आली ती ऑक्टोबर २०१९ मध्ये. वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि पेसर्स असे दोन सराव सामने झाले, पहिला पेसर्सने ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ ने घेतला. मुंबईत वाढलेले विवेक रणदिवे किंग्जचे मालक, म्हणून तो योग जुळला.

आता एनबीएच्या बाजूने बोलतो, नाहीतर भाचा म्हणेल मामाने आधीच ठरवून टाकलं होतं. जगातले सगळ्यात चांगले खेळाडू तिथेच आहेत, यात वाद नाही. साशा वेझेन्कोव २०२३ मध्ये युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि एनबीएत सॅक्रामेंटोला गेला. तिथे बहुतेक वेळ बाकावरून उठून खेळला आणि वर्षभरात ऑलिंपियाकोसला परत आला. केंड्रिक नन एनबीएतून अथेन्सला आला आणि २०२५ चा युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. यावरून पातळीतलं अंतर समजा. शिवाय एनबीएवर बोलायला माणसं मिळतात. फेनरबाचे जिंकल्याचा आनंद मी आमच्या सोसायटीत एकट्यानेच साजरा केला.

आवडत्या खेळाडूचं दुःख दोन्हीकडे वाट्याला येतं, फक्त प्रकार वेगळा. लुका डॉन्चिच १९ व्या वर्षी रेआल माद्रिदकडून युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला, मग डॅलसचा देव झाला. २ फेब्रुवारी २०२५ ला, रविवारी सकाळी मी पोहे खात असताना, बातमी आली की त्याला लॉस एंजेलिसच्या लेकर्सला देऊन टाकलं. त्याला स्वतःलाही आधी पत्ता नव्हता. युरोलीगमध्ये अशी अदलाबदल होत नाही, पण करार छोटे असतात आणि उन्हाळ्यात घर रिकामं होतं. अबू धाबीत अंतिम सामन्यात २३ गुण करून फायनल फोरचा मानकरी ठरलेला नायजल हेस-डेव्हिस दोन महिन्यांच्या आत एनबीएतल्या फिनिक्सला निघून गेला. कोस्तास स्लूकास २०२३ मध्ये ऑलिंपियाकोस सोडून थेट हाडवैरी पॅनाथिनायकोसकडे गेला आणि पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये त्यांना चषक मिळवून दिला. अथेन्सच्या अर्ध्या शहराने ते कसं पचवलं असेल, देव जाणे.

प्रेक्षकांबद्दल एवढंच सांगतो: बेलग्रेडमध्ये पार्टिझानचा घरचा सामना एकदा आवाज मोठा करून लावा. वीस हजारांच्या आसपास माणसं उभी राहून गात असतात, स्कोअर काहीही असो.

ज्याला आठ महिने द्यायचे नाहीत त्याने आफ्रिकेच्या बीएएलकडे (बास्केटबॉल आफ्रिका लीग) बघावं. एनबीए आणि फिबाने मिळून २०२१ मध्ये सुरू केलेली १२ संघांची लीग, वसंतात सुरू होऊन मे-जूनच्या सुमारास संपते. २०२५ ला प्रिटोरियात लिबियाचा अल अहली त्रिपोली जिंकला. नियम फिबाचेच.

तर हिशेब असा. तुम्ही खेळत नाही, चार मित्रांत बोलायला विषय हवा आहे, पहाटेची झोप उडते: एनबीए घ्या, खुशाल. बारावीचं वर्ष असेल तर दोन्ही ऑक्टोबरपासून घेऊ नका. बोर्डाची परीक्षा आटोपली की एप्रिल-मेचं घ्या, युरोलीगचे प्लेऑफ आणि फायनल फोर बरोबर त्याच सुट्टीत येतात. आणि तुम्ही किंवा तुमची मुलगी-मुलगा कोर्टवर उतरत असाल, तर युरोलीगवर मी ठाम आहे. सुरुवात इस्तंबूलच्या एखाद्या सामन्याने करा, माद्रिदने नको.

भाच्याने शेवटी युरोलीग घेतली, पप्पांना ती स्वस्त वाटली म्हणून. ऑक्टोबरात एका गुरुवारी रात्री पावणेबाराला त्याचा मेसेज आला: "मामा, ह्यांनी रिंगवरचा बॉल उडवला आणि रेफ्री काहीच बोलला नाही!"