कोपराची फिजिओ: दीड महिन्याचा अनुभव
पावसात स्कूटीवरून पडले, कोपराला फ्रॅक्चर, तीन आठवडे प्लास्टर आणि ते काढल्यावर बघते तर हात सरळ होईना की घास तोंडापर्यंत जाईना. घराजवळच्याच फिजिओकडे गेले. मॅडमनी आधी मोजलं, वाकत होतं जेमतेम ९० अंश, आणि स्पष्ट सांगितलं की तेल लावून चोळायचं नाही, कुणाकडून ओढून तर अजिबात घ्यायचं नाही, त्याने कोपर अजून आखडतं, कधीकधी स्नायूत हाडही तयार होतं. सासूबाईंची तेलाची वाटी तेव्हाच परत गेली! शेक, मग आपलं आपणच हळूहळू वाकवायचं, तळहात वर-खाली फिरवायचा, घरीपण चार वेळा. आता १३० झालंय, वेणी घालता येते, पूर्ण सरळ मात्र अजून नाही. वैताग एकच, अपॉइंटमेंट असूनही अर्धा तास बसवतात.