हाताने बांधलेलं क्यूशीट की संगणकाचं रोटेशन?

जुन्या गाण्यांचं केंद्र चालवणाऱ्याला ट्रान्समीटर, मिक्सर, परवाना हे एकदाच ठरवावं लागतं. पुढचं गाणं कोणतं, हे मात्र रोज दोनशे वेळा ठरवावं लागतं. हा हिशोब नाशिकमधल्या एखाद्या छोट्या केंद्राचा धरला आहे: सकाळी ६ ते रात्री १०, म्हणजे १६ तास, आणि तासाला १२ गाणी. जुनं गाणं सरासरी तीन-साडेतीन मिनिटांचं असतं, कारण मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. तासात चाळीस मिनिटं गाणी झाली की उरलेल्या वीसमध्ये निवेदन, जाहिराती आणि बाजारभाव बसतात. दिवसाची गाणी होतात १९२.

ही १९२ गाणी लावायचे दोन मार्ग आहेत. एकात गाण्यांचे गट पाडायचे, तासाचा साचा म्हणजे 'क्लॉक' आखायचा आणि गाणी आळीपाळीने निवडण्याचं काम, म्हणजे 'रोटेशन', सॉफ्टवेअरवर सोपवायचं. दुसऱ्यात आकाशवाणीच्या जुन्या पद्धतीने क्यूशीट, म्हणजे गाण्यांच्या क्रमाची यादी, हाताने बांधायचं आणि संगणकाने ते फक्त वाजवायचं. फर्माईश हा तिसरा मार्ग नव्हे. तिच्यात तीच चाळीसेक गाणी फिरत राहतात. संध्याकाळचा एक तास तिला द्यावा आणि पुढे जावं.

आधी संगणकाची बाजू, कारण ती सोपी वाटते आणि काही अंशी आहेही. पन्नाशीची (म्हणजे १९५०च्या दशकातली) हिंदी, साठीची हिंदी, सत्तरीची हिंदी, मराठी चित्रपटगीत, भावगीत, भजन असे सहा गट करा. प्रत्येक तासात कोणत्या जागी कोणत्या गटातलं गाणं येईल ते एकदा आखा. त्यानंतर दिवसाचा लॉग, म्हणजे कधी काय वाजणार याची यादी, दोन मिनिटांत तयार होतो. माणूस आजारी पडला, लग्नाला गेला, तरी केंद्र बंद पडत नाही. वाजलेल्या प्रत्येक गाण्याची वेळ आणि लांबी आपोआप नोंदली जाते. कॉपीराइटच्या हक्कांच्या हिशोबासाठी ती लागतेच. १९६० साली निघालेल्या तबकडीच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क २०२० अखेर संपला असला, तरी गीतकार आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. त्यामुळे 'जुनं आहे, चालतंय' म्हणून नोंद टाळता येत नाही. हाताच्या पद्धतीत निवेदकाने आयत्या वेळी गाणं बदललं आणि लिहायला विसरला, तर ती नोंद गेलीच.

संगणकाच्या मार्गावरचा पहिला खड्डा गणिताचा आहे, आणि तो बुजवता येतो. समजा, साठीच्या हिंदी गटाला तासाला तीन जागा दिल्या. सोळा तासांत ४८ जागा झाल्या. गटातही नेमकी ४८ गाणी असतील आणि ती क्रमाने फिरत असतील, तर प्रत्येक गाणं रोज त्याच मिनिटाला येईल. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या पहिल्या पाळीला निघणारा माणूस रोज त्याच चौकात तेच गाणं ऐकेल आणि चौथ्या दिवशी स्टेशन बदलेल. ४७ गाणी ठेवली तरी फारसं साधत नाही, कारण गाणं रोज फक्त वीस मिनिटं अलीकडे सरकतं. ५५ ठेवली तर सात जागांचा फरक पडतो आणि गाणं दुसऱ्या दिवशी दोन तास वीस मिनिटं उशिरा येतं. रोजच्या जागांचा पाढा आणि त्याच्या लगतचे आकडे टाळायचे, एवढंच सूत्र. ठरलेल्या वेळी ठरलेली गोष्ट येणं वाईट असतं असंही नाही. रेडिओ सिलोनवरचा जुन्या चित्रपटगीतांचा सकाळचा कार्यक्रम सैगलच्या गाण्याने संपायचा आणि लोक त्यावर घड्याळं लावायचे. पण तिथे गायक ठरलेला होता, गाणं बदलत असे.

दुसरी अडचण कलाकाराच्या रकान्याची. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहितो.

ही सॉफ्टवेअर ज्या संगीतासाठी घडली, त्यात एका गाण्याचा एकच कलाकार असतो. 'एकाच कलाकाराची दोन गाणी साठ मिनिटांच्या आत नकोत' हा नियम तिथे शोभतो. आपल्याकडे लताबाईंचा आवाज संग्रहातल्या, समजा, चाळीस टक्के गाण्यांत असतो. म्हणजे बारांतली जवळपास पाच त्यांची हवीत. साठ मिनिटांचं अंतर घातलं की तासाला एकच येतं आणि बाकीची पडून राहतात. अंतर दहा मिनिटांवर आणलं तर लताबाई ठीक बसतात, पण तोच आकडा तलत महमूद आणि सुमन कल्याणपूर यांनाही लागू होतो. मग एखाद्या सकाळी तलत एकाआड एक येतो आणि पुढे दोन दिवस गायब. प्रत्येक गायकाला वेगळं अंतर हवं, आणि फुकट मिळणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांना मिळून एकच आकडा असतो.

त्याहून त्रासदायक आहेत द्वंद्वगीतं. कलाकाराच्या रकान्यात 'लता मंगेशकर', 'लता मंगेशकर, मोहम्मद रफी', 'लता, मुकेश' आणि 'लता आणि कोरस' असं लिहिलेलं असेल, तर यंत्राच्या दृष्टीने ते चार वेगळे कलाकार आहेत. ते चारही गाणी ओळीने लावतं आणि नियम पाळल्याचं समाधान मानतं. वीस मिनिटं एकच आवाज. त्यात निम्म्या फाइलींवर नाव रोमन लिपीत आणि निम्म्यांवर देवनागरीत असेल, तर कलाकार आणखी वाढतात. श्रोता फोन करून 'लता सलग चारदा लागली' असं सांगत नाही. 'आज काहीतरी एकसुरी वाटलं' एवढंच म्हणतो, आणि आपण आवाजाची पातळी तपासत बसतो.

संगीतकारांच्या बाबतीत घोळ आणखी खोल आहे. सी. रामचंद्र गायक म्हणून 'चितळकर' असतात. मराठी चित्रपटांना 'आनंदघन' या नावाने चाली देणाऱ्या लताबाईच. सुधीर फडके एका गाण्यात गायक, दुसऱ्यात फक्त संगीतकार. गायक बदलला म्हणून यंत्र खूश असतं, पण कान म्हणतो की तिन्ही गाणी एकाच हातची आहेत.

यावर उपाय नाही असं मुळीच नाही. लिनक्सवर चालणाऱ्या रिव्हेंडेल या रेडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये एका गाण्याला अनेक कोड, म्हणजे ओळखीच्या खुणा, जोडता येतात आणि 'हा कोड सलग किती वेळा चालेल, पुन्हा येण्याआधी किती गाणी जाऊ द्यायची' हे कोडनिहाय सांगता येतं. लताबाईंना एक कोड, रफींना एक, शंकर-जयकिशनना एक, आणि चितळकर व सी. रामचंद्र यांना मिळून एकच. महागड्या सॉफ्टवेअरमध्ये याहून नेटकी सोय असते. प्रश्न मेहनतीचा आहे. दीड हजार गाण्यांना गायक, संगीतकार, चित्रपट, लय, वेळ असे कोड लावायला गाण्यामागे दोन मिनिटं धरली तरी पन्नास तास होतात. कोड लावणाऱ्याला चितळकर कोण हे माहीत असावं लागतं, म्हणजे हे काम टायपिंगवाल्याला देता येत नाही. आणि एवढं जाणणारा माणूस पन्नास तास बसणारच असेल, तर त्याने कोड का लावावेत, क्यूशीटच का बांधू नये?

आता हाताची बाजू. पहिलं सुख म्हणजे फाइल कानाखालून जाते. जुन्या गाण्यांच्या संग्रहात त्याच नावाखाली झंकार बीट्स (नंतर वरून चढवलेला ठेका) घातलेली प्रत सापडते, दुसऱ्याच गायकाने नंतर गायलेली प्रत सापडते, किंचित वेगात उतरवल्यामुळे अर्धा सूर चढलेली प्रत सापडते. तबकडीच्या दोन बाजूंवर विभागलेल्या गाण्याचा फक्त पहिला भागही सापडतो. यंत्र यातलं काहीच पकडत नाही. क्यूशीट बांधणारा प्रत्येक गाण्याची पहिली आणि शेवटची वीस सेकंदं ऐकतो, त्यामुळे यातलं बरंचसं तिथेच गळतं.

दुसरं सुख प्रहराचं. अहिर भैरवावरचं गाणं सकाळी आणि यमनातलं दिवेलागणीला, इतपत तरी सांभाळलं जातं. यंत्रालाही वेळेचा कोड देता येतो, पण यमनातलं प्रत्येक गाणं संध्याकाळचंच वाटतं असं नाही आणि ते कोडाला कळत नाही. पहाटेच्या पहिल्या जागेवर नाशिकला जन्मलेल्या पं. द. वि. पलुस्करांचं भजन लावायचं, तर त्याच्या मागे सत्तरीचं कॅबरे यायला नको, हे हाताला सांगावं लागत नाही.

तिसरी गोष्ट नाशिकची. पावसाची गाणी ७ जून ते सप्टेंबरअखेर चालू आणि एरवी बंद, एवढं सॉफ्टवेअर तारखेने करतं. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये निफाड-दिंडोरीकडे तोडणीला आलेल्या द्राक्षांवर अवकाळी पाऊस पडला, तर त्या दिवशी 'पाऊस' तर सोडाच, 'घटा' आणि 'बदरा'सुद्धा नकोत. अशा सगळ्या गाण्यांना पावसाचा कोड लावलेला नसेल तर यंत्र नेमकं तेच लावतं. उलट ३१ जुलैला, रफींच्या स्मृतिदिनी, दिवसभर रफी हवे असतात आणि कलाकाराच्या अंतराचा नियम आडवा येतो. तो आदल्या रात्री काढायचा आणि १ ऑगस्टला आठवणीने परत घालायचा. घालायचं विसरणं ठरलेलंच.

हाताचा तोटा उघड आहे: वेळ. गाणी माहीत असलेला माणूसही एका तासाचं क्यूशीट बांधायला पंचवीस-तीस मिनिटं घेतो. सोळा तासांना आठ तास म्हणजे अख्खी नोकरी. शिवाय थकला की हात आपल्याच आवडीकडे वळतो. संग्रहात दीड हजार गाणी असतात आणि फिरतात तीच अडीचशे. माणूस बदलला की केंद्राचा स्वभावही बदलतो. या मुद्द्यावर यंत्र निःसंशय सरस आहे.

म्हणून पूर्ण दिवसाऐवजी चौकड्या बांधाव्यात असं मला वाटतं. चौकडी म्हणजे एकमेकांना शोभणारी चार गाणी, साधारण साडेतेरा मिनिटांची, एक प्लेलिस्ट म्हणून सेव्ह केलेली. तासाला तीन चौकड्या, त्यांच्या मधे निवेदन आणि जाहिराती. बांधताना इतकं पाहायचं: लागून दोन गाण्यांत एक आवाज नको, द्वंद्वगीत फार तर एक, मराठी किमान एक. पहिल्या गाण्याचं सुरुवातीचं वाद्यसंगीत पंधरा सेकंदांहून लांब नको, कारण ते जाहिरातीनंतर येतं आणि श्रोता तेव्हाच बटण फिरवतो. संथ गाणं तिसऱ्या जागी. शेवटचं हळूहळू विरत संपणारं, म्हणजे तास भरताना दहा-पंधरा सेकंद आधी सोडलं तरी खटकत नाही. आणि चौकडीच्या शेवटच्या जागी लताबाई कधीच नाहीत. पहिल्या आणि तिसऱ्या जागी खुशाल असाव्यात. एवढ्या एका नियमाने कोणतीही चौकडी कोणत्याही चौकडीला जोडली तरी तो आवाज सलग येत नाही, आणि त्यांचा वाटाही कमी होत नाही. प्लेलिस्टच्या नावात पहिल्या आणि शेवटच्या गाण्याच्या संगीतकारांची अद्याक्षरं घातली की सांध्यावर एकाच संगीतकाराची जोडी होणंही टळतं.

एका चौकडीला दहा मिनिटं लागतात. दीडशे चौकड्या, सहाशे गाणी, पंचवीस तास. कोड लावायला लागणार होते त्याच्या निम्मे, आणि हे मोठं काम एकदाच. मग रोज ४८ चौकड्या जागेवर बसवायला अर्धा तास पुरतो. संगणकाचं रोटेशन इथे वापरायला हरकत नाही, फक्त ते गाण्यांचं नसून चौकड्यांचं असेल. मघाचं गणित इथेही लागू होतं. सकाळी ६ ते ९ मध्ये नऊ जागा असतात, म्हणून सकाळच्या ढिगात ३६ किंवा ४५ चौकड्या नकोत. ४० ठेवल्या तर तीच चौकडी चार दिवसांनी, एक तास वीस मिनिटं उशिरा येते. ढीग संपायच्या आत घड्याळात नऊ वाजले, तर उरलेला क्रम दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुढे चालू करायचा. पहिल्यापासून सुरू केला तर पहिल्या नऊ चौकड्याच रोज वाजतील आणि मागच्या कधीच येणार नाहीत.

चौकडीचा दोष असा की ती पाठ होते. तीन-चार महिन्यांत नियमित श्रोत्याला एका गाण्यामागून पुढचं कोणतं येणार ते कळायला लागतं. काहींना ते आवडतं, बऱ्याच जणांना नाही. दर महिन्याला पंधरा चौकड्या मोडून त्यांतली गाणी नव्याने जोडावीत, आणि जोडताना संग्रहातली न वाजलेली पंधरा-वीस गाणी आत घ्यावीत. कोणती वाजली नाहीत, हे मात्र संगणकालाच विचारायचं. शेवटच्या वाजण्याच्या तारखेने यादी लावली की ती सगळ्यात वर येतात.

केंद्रावर एकच माणूस असेल, तोही अर्धवेळ, आणि संग्रह चारशे गाण्यांच्या आत असेल, तर सरळ संगणकाचा मार्ग घ्यावा. कोड लावायला तिथे चौदा तास पुरतात. दोन माणसं असतील आणि त्यांतल्या एकाला चितळकर ठाऊक असेल, तर चौकड्या. अशा माणसाला दुपारची २ ते ४ ही वेळ बसायला बरी. तेव्हा फोन कमी येतात, आणि हवेत जे चाललं आहे ते ऐकतच पुढची चौकडी बांधता येते.