स्पिटफायरचा रंग: एक पावसाळा काढल्यानंतर

नव्याने रंगवलेली गाडी गॅरेजमधून बाहेर येते त्या दिवशीचे फोटो बघून काहीही ठरवू नये. त्या दिवशी सगळ्याच गाड्या छान दिसतात. मुंबईत रंगाची परीक्षा जूनच्या सरींबरोबर सुरू होते आणि निकाल लागतो ऑक्टोबरच्या उन्हात. आमच्या ट्रायम्फ स्पिटफायरचा, म्हणजे साठच्या दशकातल्या छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा, निकाल आता लागलाय, म्हणून सविस्तर लिहितेय. रंग टिकला. डाव्या दरवाज्याची खालची कड टिकली नाही. क्रोमने तर नाकच कापलं. आणि जे पैसे देताना सगळ्यात जास्त जिवावर आलं होतं, तेच सगळ्यात जास्त वसूल झाले.

गाडी मार्क थ्री, १९६८ची. मूळची कुठल्याशा वकिलातीतल्या साहेबाची, मग एसटीसी म्हणजे सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकली गेलेली, दोन-तीन हात फिरून माझ्या मामांकडे आली. माटुंग्याच्या जुन्या इमारतीतल्या गॅरेजात ती इतकी वर्षं पडून होती की तिच्यावर घरातले फाटके पडदे, सीटवर दिवाळीचे कंदील आणि मागच्या खाचेत मामींचा तांब्याचा बंब. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं.

या मॉडेलच्या नशिबातच अडगळ आहे म्हणा. इटलीचा डिझायनर जोव्हानी मिकेलॉटी याने बनवलेला पहिला नमुना कंपनीकडे पैसे नसल्याने कारखान्याच्या एका कोपऱ्यात कापडाखाली झाकून पडला होता. १९६१मध्ये लेलँडने स्टँडर्ड-ट्रायम्फ विकत घेतली, नव्या मालकांची माणसं कारखान्यात फिरताना ते कापड उचललं गेलं, आणि १९६२मध्ये गाडी बाजारात आली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं ते पुढेच: ही गाडी ट्रायम्फच्याच हेराल्ड या मोटारीच्या सांगाड्यावर बेतलेली आहे, आणि हेराल्ड १९६१पासून मद्रासला बनत होती. त्यामुळे पुढचं सस्पेन्शन, स्टिअरिंग रॅक आणि इतर बऱ्याच किरकोळ वस्तूंसाठी विलायतेकडे डोळे लावून बसावं लागत नाही. कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घालायची तयारी मात्र हवी. बाकीचं सामान इंग्लंडमध्ये नवंकोरं मिळतं, फक्त कुरिअर आणि कस्टम मिळून वस्तूच्या किमतीला लाजवतात.

आता पत्रा. हेराल्डची चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, बाजूंनीही भक्कम आहे. स्पिटफायरमध्ये ती आखूड केली आणि बाजूचा आधार काढून टाकला. त्याची जागा घेतली सिलने, म्हणजे दरवाज्याखालच्या लांबट पोकळ पेटीने. दिसायला ती पाय ठेवायची पट्टी, पण गाडीचा कणा धरून ठेवण्याचं अर्धं काम तिचं. मागच्या चाकांना आवर घालणारे दांडेही बॉडीलाच अडकवलेले असतात. आमच्या गाडीचे दोन्ही सिल नखाने उकरले तरी भुगा पडत होता.

पहिल्या गॅरेजवाल्याने बघितलं आणि म्हणाला, वरून नवा पत्रा मारून देतो, आठवड्यात गाडी घेऊन जा. असं काम झालेल्या गाड्या मुंबईत कितीतरी आहेत. दरवाजा उघडला की गाडी मधून खचते आणि मग तो बंद करताना उचलून लावावा लागतो, तीच ती गाडी. दुसरे उस्ताद भेटले ते जुन्या पिढीतले डेंटर. त्यांनी काही कापायच्या आधी दोन्ही बाजूंना बिजागरीच्या खांबापासून लॉकच्या खांबापर्यंत लोखंडी नळी वेल्ड केली. मग दरवाजे लावून फटी तपासल्या. माप कशाचं, तर पाच रुपयांच्या नाण्याचं. नाणं फटीत घालून वरून खालपर्यंत सरकवायचे आणि जिथे अडेल किंवा सैल पडेल तिथे खडूने खूण करायचे. डावी बाजू कापून, नवा सिल बसवून, पुन्हा नाणं फिरवून झाल्याशिवाय उजव्या बाजूला हात लावला नाही. या कामात महिने गेले आणि बाहेरून बघणाऱ्याला काहीही दिसत नव्हतं. घरी रोज विचारणा, "अजून रंग नाही?" एकूण बिलातला निम्म्याहून जास्त पैसा रंगाचा डबा उघडायच्या आधीच संपला होता. आज गाडी खड्ड्यातून गेली तरी दरवाज्याची फट हलत नाही.

रंग कोणता, यावर घरात महाभारत झालं. स्पोर्ट्स कार म्हणजे लाल, असं सगळ्यांचं मत. मधल्या एका मालकाने लालच केली होती, त्याखाली काळा, त्याखाली मूळचा. बॉनेटखालच्या कमिशन प्लेटवर, म्हणजे गाडीची मूळ माहिती कोरलेल्या कारखान्याच्या पट्टीवर, रंगाचा नंबर २५, म्हणजे कॉनिफर ग्रीन, गर्द हिरवा. मी त्यावर अडून बसले. गर्द रंगाचा एक तोटा आधीच सांगते: पत्र्यातली बारीकशी लाटसुद्धा तो चारचौघांत उघडी पाडतो. पांढऱ्या रंगात जे खपून जातं ते इथे खपत नाही. डॅशबोर्डजवळच्या आतल्या पत्र्यावर मूळ रंगाचा हातभर तुकडा शाबूत होता, तो न घासता तसाच ठेवलाय. रंग जुळवायलाही तोच कामी आला.

जुन्या पेंटर मंडळींच्या तोंडी अजून सगळाच रंग "ड्युको". खरा ड्युको, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, लवकर सुकतो आणि घासून आरशासारखा करता येतो, हे मान्य. पण दमट हवेत तो पांढरट पडतो, सांडलेलं पेट्रोल त्याला डाग पाडतं, आणि दोन-चार वर्षांत तो पुन्हा घासत बसावं लागतं. आम्ही टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा दोन घटकांचा पॉलियुरेथेन मारला. तोही वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, न देता, थेट चकाकीचा. मेटॅलिक नसलेल्या रंगाला क्लिअर लागत नाही, आणि त्या काळच्या गाडीवर क्लिअरची काचेसारखी जाड चमक मला तरी उपरी वाटते.

खरा वाद झाला तो पाण्यावरून. आपल्याकडे लांबी, म्हणजे पत्र्यातले खळगे भरायची पुट्टी, घासायची म्हणजे वॉटर पेपर आणि पाण्याची बादली. पण पॉलिस्टर लांबी पाणी पिते. वरून प्रायमर आणि रंग बसला की ते पाणी आत कोंडतं आणि पुढच्या पावसाळ्यात फोड बनून वर येतं. पेंटर म्हणाले, "ताई, पाण्याशिवाय हात फिरत नाही. अख्खं आयुष्य असंच केलंय." खूप घासाघीस झाली. शेवटी ठरलं की लांबी कोरडी घासायची, टू-के प्रायमर चढल्यावर मग पाणी वापरायचं. धुळीने त्यांनी मला शिव्या घातल्या असतील, पण शब्द पाळला.

आणखी एक अट होती: रिमूव्हरने रंग उतरवलेला पत्रा रात्रभर उघडा ठेवायचा नाही. मुंबईच्या हवेत सकाळपर्यंत त्यावर तांबूस साय धरते. त्यामुळे एका वेळी एकच भाग, आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. लांबी त्या इपॉक्सीवर, नागड्या पत्र्यावर नाही. फवारणीचं सगळं काम डिसेंबर ते फेब्रुवारीत उरकलं. ज्यांना मे महिन्यात "पावसाच्या आत करून देतो" असं सांगितलं जातंय, त्यांनी गाडी पुढच्या थंडीपर्यंत तशीच ठेवावी.

हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना फार वाईट, एकदा दम्यासारखा त्रास सुरू झाला की आयुष्यभर सोडत नाही. पेंटर नाकाला रुमाल बांधून उभे होते. बाहेरून नळीने हवा येणारा मास्क मी आणून दिला. "माझा पाणबुड्या केलात," म्हणाले, पण घातला. तुमच्या गाडीचं काम देताना एवढा खर्च आपल्या बिलात धरा.

आता वापर. गाडी पार्ल्यात आमच्या सोसायटीच्या स्टिल्टखाली असते. पावसाळ्यातही ती कोरड्या दिवशी बाहेर काढायची, असं ठरवलं होतं, आणि मुंबईत कोरडा दिवस दुपारपर्यंतच कोरडा असतो. त्यामुळे भिजली भरपूर. बॉनेट, मागची झाकणं, चाकांच्या कमानी, कुठेही फोड नाही. जाडीमापक लावला तर बॉनेटवर २००च्या आसपास मायक्रॉन भरतात. चमक तशीच आहे. चाकांच्या मागे सिलवर खड्यांचे टिपके उडालेत, ते ब्रशने भरले.

डाव्या दरवाज्याच्या खाली मात्र ऑगस्टात दोन बुडबुडे आले. दोष रंगाचा नाही. दरवाज्याचा बाहेरचा पत्रा खाली आतल्या चौकटीवर दुमडलेला असतो, त्या दुमडीच्या पोटातला गंज रिमूव्हरने जात नाही की ब्रशने. उजव्या दरवाज्याला नवी कातडी, म्हणजे नवा बाहेरचा पत्रा, चढवली होती, डाव्याची "बरी आहे" म्हणून ठेवली. बरी नव्हती.

प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका. आतला दमटपणा बाहेर पडत नाही आणि नवा रंग उबतो. आम्ही सुती कापड घालतो, तेही छताखाली म्हणून. सोसायटीसमोर बांधकाम चालू आहे. सिमेंटचा शिंतोडा दिसला की लगेच भरपूर पाण्याने धुवायचा, सुकलेला कोरडा पुसायचा नाही. वरळी सी-फेसला भरतीच्या वेळी गाडी लावून फोटो काढायची हौस सगळ्यांना असते. फोटो काढा, पण घरी येऊन खालून गोड्या पाण्याचा फवारा मारा. सिलच्या पोकळीत मेण फवारून घेतलंय आणि खालची भोकं दर महिन्याला तारेने मोकळी करते.

इंजिनाबद्दल थोडक्यात. १२९६ सीसी, ७५ अश्वशक्ती, दोन एसयू कार्ब्युरेटर. देशात शिसेयुक्त पेट्रोल २०००मध्ये बंद झालं, आणि जुन्या व्हॉल्व्ह सीटची झीज ते शिसंच रोखायचं, त्यामुळे हेड उघडलंच होतं तेव्हा व्हॉल्व्हच्या कडक सीट बसवून घेतल्या. ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा बदलला, आणि मिश्रण थोडं श्रीमंत केलं, म्हणजे त्यात हवेच्या मानाने पेट्रोल वाढवलं. जेटची नटी खाली उतरवली की होतं. टाकीत पेट्रोल महिनोन् महिने ठेवत नाही, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. जास्तीचा इलेक्ट्रिक पंखा लावल्यापासून सिग्नलवर तापमानाचा काटा वर जात नाही. कोस्टल रोडवर सकाळी ताशी ७०-८०ला गाडी खुलते, त्यापुढे वाऱ्याच्या आवाजात बोलणं बंद.

एक गोष्ट मात्र ठळक. पुढच्या चाकाच्या खालच्या ट्रनियनला, म्हणजे चाक वळताना ज्यात उभा दांडा फिरतो त्या आट्यांच्या सांध्याला, ग्रीस नाही, नव्वद नंबरचं गिअर ऑइल द्यायचं. आपले मेकॅनिक निप्पल दिसला की ग्रीस गन लावतात. ग्रीस आट्यांत पोचत नाही, आटे गंजतात, आणि एक दिवस दांडा तुटून चाक आडवं होतं. हेराल्डवाल्यांनाही हे तितकंच लागू.

कागदपत्रांचं: पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदता येतं, नव्या नोंदणीला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. पण मग ती रोज चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कामांपुरतीच. आमचा जुना तीन अक्षरी नंबर चालू होता, त्यामुळे दर पाच वर्षांनी आरटीओत हजेरी लावायची, हेच बरं वाटलं.

राहता राहिलं क्रोम. बंपर ज्याच्याकडे दिले त्याने तांब्याचा थर गाळला आणि निकेल नावापुरतं लावलं. गंज अडवायचं काम त्या खालच्या थरांचं असतं, वरचा क्रोम फक्त चमकतो. जुलैतच तपकिरी ठिपके उगवले. मार्क थ्रीचा पुढचा बंपर उंच, थेट जाळीसमोर असतो, म्हणजे लपवायचीही सोय नाही. दोन्ही बंपर काढून माळ्यावर टाकलेत. डाव्या दरवाज्याला नोव्हेंबरात नवी कातडी चढेल तेव्हा ते पुन्हा प्लेटिंगला जातील, यावेळी तांब्याचा थर चढल्यावर स्वतः जाऊन बघेन, मगच पुढचं निकेल.