हिरकणी कक्षाची चावी कुठे असते?

तालुक्याच्या एसटी स्टँडवरचा हिरकणी कक्ष, म्हणजे बाळाला अंगावर पाजायची खोली. गुण: पाचपैकी दोन.

गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्याच्या ओढीने रायगडाचा कडा उतरलेल्या गवळणीचं नाव खोलीला दिलं, आणि खोलीलाच कुलूप. चावी वाहतूक नियंत्रकांकडे, नियंत्रक फलाटावर. दहा मिनिटं सहज जातात. तेवढ्यात बाळाचं बिनसतं. मूठ तोंडात घालणं, ओठ चाटणं, मान वळवून शोधणं ह्या भुकेच्या पहिल्या खुणा, रडणं शेवटची. रडून लाल झालेलं बाळ स्तन तोंडात नीट घेत नाही. त्याला आधी खांद्यावर घेऊन शांत करावं लागतं, तोवर गाडी लागलेली असते.

आत पंखा चालतो, पडदा आहे, कडीही आहे. बेसिन कोरडं. खरी अडचण खुर्चीची: बिनहातांची, प्लास्टिकची. कोपराला टेकू नाही म्हणून आई पाठीत वाकते, बाळ खाली घसरतं आणि नुसतं स्तनाग्र ओढत राहतं. चिरा पडतात त्या यातूनच, आणि बाळाला दूधही कमी मिळतं. अशाच खुर्चीत बसायची वेळ आली तर मांडीवर पिशवी किंवा शालीची घडी ठेवून बाळाला स्तनाच्या उंचीवर आणा. त्याचं पोट तुमच्या पोटाला लागलेलं हवं. त्याने मोठा आ केला की त्याला जवळ घ्या, स्वतः वाकू नका. हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग ओठाच्या वर जास्त, खाली कमी दिसतोय, म्हणजे पकड जमली. पहिल्या काही क्षणांनंतरही दुखत असेल तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सोडवा आणि पुन्हा लावा.

भिंतीवर पावडर दुधाच्या डब्याचं कॅलेंडर! अशा दुधाच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. ते आधी उतरवा.

कुलूप असेल तर बाहेरच्या बाकावर खुशाल पाजा, कुठलाही कायदा आड येत नाही. "ताई, आत जा ना" म्हणणाऱ्यालाच चावी आणायला पाठवावं. नोकरदार आईला मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीखेरीज रोज दोन वेळा पाजण्यासाठी वेळ कायद्यानेच मिळतो. स्टँडसमोरच्या कचेऱ्यांतल्या आयांनाही ही खोली तेव्हा उपयोगी पडेल.

बाहेरचं कुलूप काढलं आणि हातांची एक खुर्ची ठेवली, तर दोनाचे चार गुण करू.