अंटार्क्टिकाचा उठावनकाशा: बर्फाचा माथा उत्तम, तळ मात्र कोपऱ्यात

आमच्या शाळेच्या भूगोल कक्षासाठी सोलापुरातील नवी पेठेतल्या एका शालेय साहित्याच्या दुकानातून अंटार्क्टिकाचा प्लास्टिकचा उठावनकाशा मागवला. दुकानदारांनी तो समोर उघडून, चारही कोपरे दाखवून मगच पैसे घेतले. त्यांच्या सेवेबद्दल तक्रारीला जागा नाही.

सर्वांत उंच खंड कोणता, असे विचारले की नववीच्या वर्गातून बहुधा 'आशिया' हेच उत्तर येते, कारण मुलांच्या डोळ्यांसमोर एव्हरेस्ट असते. सरासरी उंची पाहिली तर हा मान अंटार्क्टिकाचा आहे. बर्फ धरून ती २,००० मीटरहून अधिक भरते, म्हणजे १,६४६ मीटरचे आपले कळसूबाई तिथल्या सरासरीलाही पुरे पडत नाही. सपाट नकाशावर हे सांगून पटत नाही, इथे बोट फिरवले की पटते. पूर्वेकडच्या किनाऱ्यावरून आत येताना बोट आधी झपकन चढते आणि मग इतके संथ वर सरकते की सुमारे ४,०९० मीटर उंचीचा डोम ए कधी आला हे कळतही नाही. हा साच्याचा दोष नव्हे, कारण तो बर्फाचा घुमट प्रत्यक्षातही जवळजवळ सपाटच भासतो. खंडाला पूर्व आणि पश्चिम अशी विभागणारी सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीची ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतरांग ठसठशीत उतरली आहे. एल्सवर्थ पर्वतातील ४,८९२ मीटरचे विन्सन शिखर तर बोटाला टोचते. अर्थात त्यासाठी उभे प्रमाण बरेच वाढवलेले आहे आणि ते किती पट, हे कुठेही छापलेले नाही. शाळेसाठीच्या नकाशात ही उणीव क्षम्य नाही.

रंगसंगती त्याहून खटकते. सखल भाग हिरवा, या सवयीने रॉस समुद्रावर तरंगणारा बर्फाचा अवाढव्य थरही हिरवा रंगवला आहे. एका मुलीने तिथे शेती होते का, असे विचारले, यात तिची काय चूक?

खरी मौज तळाच्या कोपऱ्यातील तळहाताएवढ्या चौकटीत आहे. बर्फ काढून टाकला तर खालची जमीन कशी दिसेल, हे तिच्यात दाखवले आहे. पश्चिमेचा बराचसा भाग समुद्रसपाटीच्या खाली असल्याने निळा आहे. पूर्वेला डेन्मन हिमनदीखालची घळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर खोल जाते. डोम एच्या खाली संपूर्ण गाडली गेलेली गॅम्बर्त्सेव्ह पर्वतरांग आहे. सोव्हिएत मोहिमेला तिचा शोध १९५८ मध्ये लागला. बर्फाच्या भाराने खालचा खडक शेकडो मीटर दबलेला आहे, हेही याच चौकटीवरून समजावता येते. असे असताना ती सपाट छापून कोपऱ्यात का ढकलली, हे कोडेच आहे. दोन सारख्या आकाराचे उठाव शेजारी शेजारी दिले असते, तर दुप्पट किंमतही मोजली असती.

भारताची मैत्री आणि भारती ही दोन्ही केंद्रे दाखवली आहेत, पण मैत्रीचा ठिपका अगदी समुद्रकाठी आहे. प्रत्यक्षात ते शिर्माकर परिसरात, बर्फाच्या कडेपासून बरेच आत आहे. तो आम्ही पेनाने सरकवला.

सोलापूरकरांसाठी एक सूचना: पत्रा पातळ आहे आणि पश्चिमेकडच्या भिंतीवर एप्रिलचे ऊन येताच तो मध्यभागी पोक काढू लागतो. मागे प्लायवूड ठोकून घ्यावे आणि नकाशा सावलीच्या भिंतीवर लावावा. आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी घ्यायला हरकत नाही. घरी मुलांच्या खोलीत लावण्यासाठी मात्र आकार फार मोठा पडेल.